नमुना बुडतो तेव्हा

१

माझा नवरा स्टेनलेस स्टील तापवतो, असं मी लोकांना सांगायची. लोक विचारायचे, "म्हणजे भांड्यांचा कारखाना?" मग मी सांगायची, नाही हो, तो नुसता तापवतो आणि मोजतो. किती तापवलं तर त्यातून उष्णता किती वेगानं जाते, एवढंच. समोरच्याची उत्सुकता तिथंच संपायची. माझी मात्र कधी संपली नाही. पंचवीसेक वर्षं बातमीदारी केलेल्या बाईला घरातलं माणूस दिवसभर काय करतं ते माहीत नसेल, तर तिनं बातमीदारी सोडून पाककृती लिहाव्यात.

विश्रांतवाडीच्या पुढे आळंदी रस्त्याला एका खाजगी प्रयोगशाळेत सीताराम नोकरीला होता. बॉयलर बनवणारे, भट्ट्या बनवणारे कारखाने तिथं पोलादाचे नमुने पाठवायचे. रुपयाच्या नाण्याएवढी चकती. ती भट्टीत ठेवायची आणि हजार अंशांच्या आसपास न्यायची. आधी भट्टीच्या भिंती तापतात, चकती मागे राहते, म्हणून ती भिंतींपुढे काळपट दिसते. मग ती हळूहळू भिंतींच्या बरोबरीला येते, आणि आली की दिसेनाशी होते. भिंत जेवढी पिवळी, तेवढीच चकती पिवळी. कडाच उरत नाही. आत वस्तू आहे, तुम्ही तिच्याकडेच बघताय, आणि तुम्हाला काहीच दिसत नाही. याला ते लोक 'नमुना बुडाला' म्हणायचे. बुडाला की एका बाजूनं उजेडाचा एक झटका द्यायचा आणि दुसऱ्या बाजूला ऊब किती वेळात पोचते, ते यंत्र टिपायचं.

तिथला एक नियम सीतारामला फार आवडायचा. मीटरवर विसंबायचं नाही. दोन माणसांनी एकामागून एक भट्टीच्या खिडकीला डोळा लावायचा. दोघांनीही 'बुडाला' म्हटलं, तरच झटका द्यायचा.

"माणसाच्या डोळ्याला अजून किंमत आहे म्हणायची," तो जेवताना म्हणायचा.

"आमच्याकडे नाही," मी म्हणायची. माझं उद्योगजगताचं पान तेव्हाच आमच्या पेपरनं अर्ध्यावर आणलं होतं. उरलेल्या अर्ध्यात संगणकाच्या क्लासांच्या जाहिराती यायच्या.

असं आमचं चाललं होतं. मग २००० सालच्या उन्हाळ्यात सीताराम कामावर जाताना भांग पाडायला लागला.

२

भांग पाडणं हा गुन्हा नाही. इस्त्रीचा शर्ट घालणं हाही नाही. पण जो माणूस लग्नाच्या रिसेप्शनला चपला घालून आला होता, तो अठ्ठावन्नाव्या वर्षी आरशापुढे उभा राहून कॉलर नीट करतो, तेव्हा बायकोला प्रश्न पडतो. आम्ही एका कॉलेजातले, म्हणून मी त्याला नावानं हाक मारते. 'अहो' फक्त भांडताना.

"अहो, कोणाचं लग्न आहे?"

"कामावर चाललोय."

"भट्टीला बघायला जाताय की स्वतःला दाखवायला?"

एरवी तो हसला असता. त्या दिवशी त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत मला चक्क संशय दिसला. जणू मला काहीतरी कळलं होतं.

मला काही कळलं नव्हतं. मग मी कळून घ्यायला लागले.

प्रयोगशाळेत माणसं तीन. मालक दिग्विजय, अमेरिकेत शिकून आलेला, चाळिशीचा. सीताराम. आणि अपेक्षा नावाची अकोल्याची मुलगी, वय चोवीस, कोथरूडात आमच्याच मागच्या गल्लीत पेइंग गेस्ट म्हणून राहायची. तिच्या घरमालकिणीला, इंदुबाईंना, मी बँकेच्या रांगेत गाठलं.

"हुशार पोरगी आहे हो," इंदुबाई म्हणाल्या. "हिंजवडीच्या सॉफ्टवेअर कंपनीचं पत्र आलं होतं तिला. इथल्यापेक्षा तिप्पट पगार. नाही म्हणून कळवलं."

"का?"

"मी विचारलं तर म्हणते, इथलं सोडवत नाही. आणि परवा नवीन झुमके आणले. त्या मशिनीसमोर कोण बघणार आहे झुमके?"

त्या वर्षी पुण्यात सॉफ्टवेअरच्या पगाराला नाही म्हणणारी चोवीस वर्षांची मुलगी एक तर वेडी होती, नाही तर प्रेमात. मी दुसरी शक्यता धरली. बातमी जुळली होती.

३

जूनमध्ये सीताराम घरातल्या उंबऱ्याला अडखळला. मग पेपर वाचताना तो मान तिरकी करायला लागला. मी त्याला ओढत कसबा पेठेतल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. बाबुराव डॉक्टर म्हणजे जुनं खोड, तांबट आळीतल्या तीन पिढ्यांचे डोळे त्यांनी तपासलेले.

त्यांनी दिवा लावून बराच वेळ पाहिलं.

"भट्टीवर काम करता?"

"प्रयोगशाळेत," सीताराम म्हणाला.

"डोळ्याला प्रयोगशाळा कळत नाही, उष्णता कळते. हा भट्टीवाल्यांचा मोतीबिंदू आहे. पूर्वी नेहमी बघायचो. उजवा गेलाच म्हणा, ऑपरेशन लागेल. डावा सुरू झालाय. निळ्या काचेतून बघत नाही का तुम्ही?"

"बघतो."

"खोटं बोलून फी कमी होत नाही," डॉक्टर म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "बाई, यांना भट्टीपासून लांब ठेवा. ऑपरेशन करून परत तिथंच डोळा लावणार असतील, तर माझा वेळ घालवू नका. आंधळे होतील."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "उद्यापासून जायचं नाही."

सीताराम तांबट आळीच्या ठोक्यांमध्ये उभा होता. सगळीकडून हातोड्यांचा आवाज. त्यानं काहीतरी पुटपुटलं. मी जवळ जाऊन पुन्हा विचारलं.

"मग तिच्याकडे कोण बघणार?" तो म्हणाला.

४

दुसऱ्या दिवशी तो गेलाच. दुपारी मी न सांगता विश्रांतवाडीला गेले. पर्समध्ये प्रेसचं ओळखपत्र होतं आणि डोक्यात तयार मथळा: कामगाराचे डोळे जाळणारी प्रयोगशाळा. ती जागा साधीच होती. पत्र्याची शेड, पुढे ऑफिस, मागे भट्टीची खोली. खोलीत दिवे बंद होते. मध्ये टेबलाएवढी भट्टी, तिच्या तोंडाला वाटीएवढी काचेची खिडकी, आणि खिडकीतून बाहेर येणारी पिवळी तिरीप. त्या तिरिपेत दोघं उभी होती. मी दाराआड थांबले. हेच बघायला तर आले होते.

"बुडालाय सर," अपेक्षा म्हणाली. "सरका. माझी टर्न."

"अजून नाही बुडाला."

"वीस मिनिटं तेच म्हणताय! रीडिंग कधी घ्यायचं?"

"तू काल काय केलंस? कालचा नमुना तू अख्खी दुपार बुडू दिला नाहीस."

"कारण मला चकतीची एज दिसत होती!"

"एज! मला शिकवू नकोस. ती तुझ्याकडे बघत नाही, कळलं? तू नुसती मध्ये येतेस."

"ती नाही, तो," अपेक्षा म्हणाली. "आणि माझ्याकडेच बघतो. तुमच्याकडे त्याची पाठ असते. तुम्हीच म्हणाला होतात."

सीतारामनं तिचा दंड धरला आणि तिला मागे ढकललं. माझा सीताराम, जो झुरळसुद्धा कागदात धरून बाहेर सोडतो. तिनं त्याच्या मनगटाला नखं लावली.

मी दिवा लावला. दोघंही वळली. दोघांच्याही चेहऱ्यावर चोरी पकडली गेल्याची लाज नव्हती. होती ती फक्त घाई, की ही कोण आणखी तिसरी आली.

मी प्रेमिकांना पकडायला गेले होते. मला दोन सवती सापडल्या.

५

मी दिग्विजयच्या केबिनमध्ये जाऊन बसले आणि माझा मथळा त्याला ऐकवला. त्याचा चेहरा उतरला. एका जर्मन कंपनीशी त्याची बोलणी चालू होती.

"मॅडम, निळी काच आम्ही दिलीये. ते दोघंच ती काढून ठेवतात."

"का?"

"विचारा ना त्यांना."

"तुम्हाला विचारतेय. तुम्ही मालक आहात."

त्यानं टेबलावरचे कागद सारखे केले. मग म्हणाला, "काचेत दोष असेल. किंवा आतल्या अस्तराला तडा. गार जागा असली की तिथं डाग दिसतो. साधं विज्ञान आहे."

"मग भट्टी उघडून बघितलीत?"

"दर गुरुवारी लाइट नसते. दर गुरुवारी बघतो."

आलेल्या गुरुवारी मी पुन्हा गेले. भट्टी गार होती. दिग्विजयनं झाकण काढलं, मी बॅटरी मारली. आत पांढरट विटांची पोकळी होती, हात घातला तर कोपरापर्यंत जाईल एवढी. मधोमध कांडीवर बसवलेली चकती, निळसर जांभळी पडलेली. तडा नाही. डाग नाही. मी बोटानं सगळ्या भिंती चाचपल्या. मला तेव्हा खरंच बरं वाटलं. दोन माणसं एका अंधाऱ्या खोलीत महिनोन् महिने एका पिवळ्या भोकाकडे बघत बसली की त्यांना काहीही दिसेल. मी निवडणुकीच्या मतमोजणीत याहून जास्त भ्रम पाहिलेत.

"नियमाप्रमाणे दोन माणसं लागतात ना?" मी विचारलं. "एखादा आजारी पडला तर?"

"मग मी बघतो."

"तुम्हाला काय दिसतं?"

"काही नाही," तो म्हणाला.

शुक्रवारी अपेक्षा तासभर उशिरा आली आणि त्याला बघावं लागलं, तेव्हा मी मुद्दाम बाजूला जाऊन उभी राहिले. दिग्विजयनं हनुवटी पट्टीवर टेकवली, खिडकीला चेहरा लावला, थोडं थांबला आणि म्हणाला, "बुडाला." तिरीप त्याच्या पापण्यांवर पडली होती. त्याचे दोन्ही डोळे घट्ट मिटलेले होते.

६

आता मी बघणार, हे कोणालाही कळलं असतं. मला शेवटपर्यंत तपासल्याशिवाय छापायची सवय नाही.

आधी मी निळी काच लावून पाहिलं. सीताराम माझ्या मागे उभा होता, त्याचा श्वास माझ्या मानेवर लागत होता. दिसलं ते त्यानं जेवताना सांगितलं होतं तसंच. चकती काळपट होती. मग तांबूस झाली. तिच्या कडा पातळ होत गेल्या, आणि कुठल्या क्षणी ते सांगता येणार नाही, पण ती गेली. उरला निळ्या काचेपलीकडचा एकसारखा उजेड. त्यात खोली नाही, भिंत नाही, लांब-जवळ काही नाही.

"बुडाला," मी म्हटलं. "आणि काहीही नाही. ऐकलंत का, अहो? काहीही नाही."

"काच काढ," सीताराम म्हणाला.

ती त्याच्या डोळ्यांसाठी म्हणून मी काढली. म्हणजे त्याचा भ्रम मोडावा म्हणून. एक क्षणभर बघून बाजूला व्हायचं, एवढंच ठरवलं होतं.

उजेड अंगावर आला. पाणी आलं, पुसलं, पुन्हा बघितलं. पिवळ्याहून पांढरं, सगळीकडे सारखं. आणि त्यात एका ठिकाणी ते सारखं नव्हतं.

पहिल्यांदा वाटलं, माझ्याच डोळ्यातला ठिपका. डोळा हलवला की ठिपका हलतो. हा हलला नाही. वाटलं, काचेवरचा डाग. मान बाजूला केली, तो जिथं होता तिथंच, मागे, लांब. त्या कोपरभर पोकळीत एवढं लांब काही असायला जागाच नव्हती. हजार अंशांमध्ये जे तापत नाही ते काय असतं, हे मला माहीत नाही. विचारायला माणूस आहे, घरातच आहे. मी विचारलेलं नाही.

ते बसलेलं होतं. पाठमोरं. खांद्याची उतरण मला दिसली. मान पुढे झुकलेली, कामात गढलेल्या माणसाची असते तशी. मी बघतेय हे त्याला कळलं, आणि मला हे कसं कळलं ते मी सांगू शकत नाही. मी सभागृहं पाहिलीत, मंत्र्यांच्या खोल्या पाहिल्यात. माझ्याकडे पाहिलं जातं तेव्हा नेहमी कशासाठी तरी पाहिलं जातं. पान अर्ध्यावर आलं तेव्हापासून तेवढंही नाही.

ते वळायला लागलं. खिडकीकडे नाही. माझ्याकडे.

"बास," सीताराम म्हणाला. "बास, कुसुम. सरक."

मी दोन्ही हातांनी भट्टीची चौकट धरली.

"अजून नाही बुडाला," मी म्हटलं.

७

मी लेख छापला नाही. आजवर माझा एकही लेख कोणी थांबवू शकलेलं नाही, हे इथं नोंदवते. जाहिरातदार आले, पुढाऱ्यांचे फोन आले, एकदा घरावर दगडही आले. हा लेख मी थांबवला, आणि त्यात माझ्या नवऱ्याचे डोळे वाचले, हे कोणीही तपासून पाहावं.

दिग्विजयला मी दोन गोष्टी सांगितल्या. सीतारामला ऑपरेशनसाठी पगारी रजा, आणि पुन्हा भट्टीच्या खोलीत पाऊल नाही. तो लगेच कबूल झाला.

"आणि ती मुलगी," मी म्हटलं, "मुद्दाम रीडिंग लांबवते. तुमचे रिपोर्ट तिच्यामुळे उशिरा जातात. तिला हिंजवडीला जाऊ द्या. तिच्याच भल्याचं आहे."

"मग माझ्याकडे माणूस कुठंय, मॅडम? एक मी, दुसरा कोण?"

मी पर्स मांडीवरून उचलून टेबलावर ठेवली. त्यानं माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ. मग पगाराचा आकडा बोलायला लागला. मी त्याला थांबवलं. पगार नको म्हटल्यावर तो खुर्चीत मागे सरकला.

"मॅडम, तुमचे डोळे..."

"माझे डोळे माझे आहेत. तुम्ही तुमचे मिटून घ्या."

अपेक्षा मला फाटकाशी आडवी आली. कानातले झुमके काढून तिनं मुठीत धरले होते. मला वाटलं आरडाओरडा करेल. करायला हवा होता, मी तिच्या जागी केला असता. ती नुसती माझ्या उजव्या डोळ्याकडे बघत राहिली.

"तुम्ही काच काढून बघितलंत," ती म्हणाली. "म्हणून ना?"

"तुझं वय चोवीस आहे. जा, पैसे कमव."

"मॅडम, एकदाच विचारते. खरं सांगा, मी कुणाला नाही सांगणार." तिचा आवाज अगदी लहान झाला. "चेहरा दिसला का तुम्हाला?"

"कसला चेहरा?" मी म्हटलं आणि रिक्षाला हात केला.

८

सीतारामचं उजव्या डोळ्याचं ऑपरेशन श्रावणात झालं. बाबुराव डॉक्टरांनी डाव्यालाही विश्रांती म्हणून पट्टी बांधली. तो कोथरूडच्या घरात खिडकीशी खुर्ची टाकून बसायचा आणि रेडिओ ऐकायचा. मी सकाळी त्याला चहा द्यायची, पेपर वाचून दाखवायची, आणि दुपारी ऑफिसला म्हणून निघायची. पेपरनं मला ऐच्छिक निवृत्तीचा अर्ज दिला होता तो मी सही करून टाकला होता. त्याला सांगायचं राहिलं.

तो भट्टीबद्दल विचारायचा नाही. मला वाटलं, सुटला. डॉक्टर म्हणाले, डावा वाचला, लक्षणं चांगली आहेत. शेजारच्या बायडाबाई म्हणाल्या, "कुसुमताई, तुम्ही होतात म्हणून." मी होते म्हणूनच. याबद्दल माझ्या मनात तेव्हाही शंका नव्हती, आताही नाही.

पट्टी सुटायच्या आदल्या दिवशी मी विश्रांतवाडीहून परत आले. बस उशिरा मिळाली होती. तो खुर्चीतच होता, रेडिओ बंद.

"आलीस?"

"आले. चहा टाकते."

"आधी इकडे ये."

मी गेले. त्यानं हात पुढे केले, हवेत चाचपडला, आणि माझा चेहरा दोन्ही तळव्यांत धरला. त्यानं असा चेहरा शेवटचा कधी धरला होता, मला आठवत नाही. कॉलेजात असेल. त्याचे अंगठे माझ्या गालांवरून हळूहळू फिरले, भुवईवरून गेले, उजव्या पापणीवर थांबले. पापणी चटका बसल्यासारखी हुळहुळत होती.

"गरम आहे," तो म्हणाला.

"उन्हातून आले."

"पाऊस पडतोय, कुसुम."

तो रागावला नाही. तो खुर्चीत पुढे झाला, पट्टी बांधलेलं तोंड त्यानं माझ्या गालाशी आणलं आणि तिथं टेकवलं. अगदी अलगद. मग तो श्वास घ्यायला लागला. लांब, सावकाश, माझ्या कातडीवरून. तहानलेल्या माणसासारखा. तेव्हा मला कळलं की त्यानं जे धरलं होतं ती मी नव्हते.

"थोडं," तो म्हणाला. "थोडंच. ती तुझ्याकडे बघते ना आता? पुरी वळली?"

बत्तीस वर्षांच्या संसारात त्यानं माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. पट्टीखालून पाणी झिरपत होतं, आणि डॉक्टरांनी रडायला सक्त मनाई केली होती.

मी त्याचे हात एकेक करून सोडवले आणि मोरीत जाऊन दार लावून बसले. नळ सोडला नाही. पाण्यानं तोंड गार झालं असतं.